काविळीची माळ आणि रक्तातल्या खुणा

मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की खाटीक यकृत कापून देतो. त्याच कुळातला ‘काळीज’ हा शब्द मात्र ‘काळजाला भिडले’ म्हणताना छातीत डावीकडे सरकतो. मराठीत या एका शब्दाकडे दोन अवयवांचा कारभार आहे आणि त्यात यकृताची पीछेहाट झाली आहे. कारण उघड आहे. हृदय धडधडते, छातीवर हात ठेवला की कळते. यकृत उजव्या बरगड्यांच्या आड दीडेक किलोचे वजन सांभाळत शेकडो कामे मुकाट्याने उरकत असते. त्याच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नाही. दुखते ते वरचे आवरण ताणले गेले की. शिवाय त्याची राखीव ताकद एवढी की बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत माणूस हिंडताफिरता असतो.

अशा मुक्या अवयवाचा आजार ओळखायचा तर त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी बोलते करावे लागते. शतकानुशतके हे काम डोळे, नखे आणि लघवी यांनी केले. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते रक्ताकडे आले. रक्तातल्या या खुणांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. रक्त खोटे सांगत नाही, पण विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते. आणि आपण काय विचारले होते हे विसरून ते उत्तर वाचले की फसगत होते. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत तर प्रश्न कोणता विचारला यावर लाखो लोकांचे आयुष्य ठरले. तो इतिहास इथे थोडक्यात मांडतो.

एक शब्द, अनेक आजार

आयुर्वेदाने ज्याला ‘कामला’ म्हटले तिला आपण कावीळ म्हणतो. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडालेली : एवढ्यावर निदान होई, आणि ते चुकीचे नसे. पण कावीळ हे आजाराचे नाव नव्हे, ती आजाराची खूण आहे. पाण्यातून आलेल्या विषाणूने कावीळ होते, पित्तनलिकेत खडा अडकून होते, दारूने होते, तांबड्या पेशी भराभर फुटल्याने होते, कर्करोगानेही होते. यातल्या काही काविळी आपोआप बऱ्या होतात, काही शस्त्रक्रियेवाचून सुटत नाहीत, काही जीव घेतात.

वैदूच्या काविळीच्या माळेचे यश या गोंधळात आहे. वनस्पतीच्या काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर किंवा गळ्यात घालायची. ती दिवसागणिक सैल होत लांबते आणि तसतशी कावीळ ‘उतरते’. दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुऊन ते पाणी पिवळे करून दाखवण्याचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यातली हातचलाखी गावोगाव उघड करून दाखवत आले आहेत. तरीही माळेवरचा विश्वास ओसरत नाही, कारण दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत स्वतःहून बरी होते. श्रेय माळेला जाते. अडचण येते ती पित्तनलिका बंद झालेल्या किंवा यकृत झपाट्याने निकामी होत असलेल्या रोग्याची. त्याचे मोलाचे दिवस माळ लांबण्याची वाट पाहण्यात जातात. दोघांचेही डोळे सारखेच पिवळे असतात. फरक पाहायचा तर रक्तात पाहावा लागतो.

पिवळेपणाची दोन रूपे

हा फरक पाहणारी पहिली महत्त्वाची पायरी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी १८८३ मध्ये एक रासायनिक प्रक्रिया शोधली होती. तिच्या आधारे डच वैद्य हिमान्स फान डेन बर्ग यांनी १९१० च्या दशकात बिलिरुबिन, म्हणजे पित्तातले पिवळे द्रव्य, रक्तात मोजायला सुरुवात केली. या चाचणीत अल्कोहोल घालावे लागे. एकदा त्यांचे सहकारी म्युलर पित्ताची तपासणी करताना अल्कोहोल घालायला विसरले, तरीही रंग आला. त्या विसरभोळेपणातून १९१६ मध्ये कळले की काही बिलिरुबिन अल्कोहोलशिवाय, ‘थेट’ रंग देते आणि काही अल्कोहोल घातल्यावरच देते. आजच्या अहवालातले ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे शब्द तिथले आहेत.

याचा अर्थ समजायला पुढची चाळीस वर्षे गेली. बिलिरुबिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते पाण्यात विरघळण्याजोगे करणे हे यकृताचे काम, आणि थेट रंग देणारे बिलिरुबिन म्हणजे यकृताच्या हातून गेलेले बिलिरुबिन, हे १९५६ च्या सुमारास लंडन, अमेरिका आणि चेकोस्लोव्हाकियातल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. मग काविळीचा प्रश्न नीट विचारता आला : अडचण यकृताच्या आधी आहे, यकृतात आहे, की यकृताच्या पुढे पित्ताच्या वाटेवर?

हृदयासाठी शोधलेली यकृताची चाचणी

दुसरी पायरी न्यूयॉर्कची, आणि ती मराठीतल्या ‘काळीज’ या शब्दाला शोभेल अशी आहे. १९५४ मध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवले की हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांच्या रक्तात एका विकराचे प्रमाण वाढते. त्या विकराचे लांबलचक नाव पुढे एसजीओटी असे आखूड झाले. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मरतात, फुटतात आणि आतला माल रक्तात सांडतो. हा विकर यकृताच्या पेशींतही भरपूर असल्याने लवकरच तो यकृताच्या आजारातही मोजला जाऊ लागला. त्याचा भाऊबंद एसजीपीटी यकृताशी अधिक एकनिष्ठ निघाला. त्याच सुमारास इटलीत नेपल्सला फेर्नान्दो दे रितिस आणि त्यांचे सहकारी विषाणूजन्य काविळीत या विकरांचा अभ्यास करत होते. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला आजही दे रितिस यांचे नाव आहे. हृदयासाठी पुढे अधिक नेमक्या चाचण्या आल्या आणि एसजीओटी यकृताच्या पदरात पडली. जगाने ही नावे बदलून आता बरीच वर्षे झाली, पण आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर जुनी नावे ठाण मांडून आहेत.

या चाचण्यांच्या गठ्ठ्याला ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतात आणि हे नावच दिशाभूल करते. एसजीपीटी यकृताचे काम मोजत नाही. पेशी फुटून किती माल बाहेर आला तेवढे सांगते. घराला आग लागली असेल तर धूर दिसतो. पण घर जळून गेल्यावर धूर उरत नाही, म्हणून घर शाबूत आहे असे नाही. वर्षानुवर्षे झिजून निबर झालेल्या यकृतात, म्हणजे सिरॉसिसमध्ये, एसजीपीटी अगदी सामान्य असू शकते. फुटायला पेशीच कमी उरलेल्या असतात.

यकृताचे काम खरोखर सांगणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृत बनवते. रक्त गोठवणारे घटकही तेच बनवते, म्हणून रक्त गोठायला लागणारा वेळ हा त्याच्या कामाचा हिशेब असतो. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कॉट यांनी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातले पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि पोषण यांवरून सिरॉसिसच्या रोग्यांची प्रतवारी केली. १९७३ मध्ये प्यू यांनी त्यातले पोषण काढून रक्त गोठण्याचा वेळ घातला. अमेरिकेत २००२ पासून यकृताच्या प्रत्यारोपणासाठी कुणाचा नंबर आधी लावायचा हे बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांच्या गणिताने ठरू लागले. एसजीपीटी त्या गणितात नव्हती.

१९६३ : जेलवरच्या दोन रेषा

आता कर्करोगाकडे वळू. इथे १९६३ हे साल मध्यवर्ती आहे. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना, शीतयुद्धाच्या दोन बाजूंना, एकाच साध्या पद्धतीने दोन शोध लागले. पद्धत अशी : काचेवर अगारचा पातळ थर द्यायचा, त्यात लहान खळगे पाडायचे, एका खळग्यात प्रतिपिंडे असलेले सीरम आणि दुसऱ्यात तपासायचे सीरम ठेवायचे. (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी.) दोन्ही अगारमधून झिरपत एकमेकांकडे येतात आणि एकमेकांना ओळखणारी द्रव्ये भेटली की तिथे पांढरी रेषा उमटते. स्वीडनच्या ओउख्तरलोनी यांनी रूढ केलेल्या या पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही.

पहिली रेषा मॉस्कोत दिसली. गामालेया संस्थेत लेव्ह झिल्बर यांच्या विभागात गॅरी आबेलेव काम करत होते. झिल्बर हे कर्करोगाच्या विषाणूंवर काम करणारे आणि स्टालिनच्या काळात तीनदा अटक झालेले शास्त्रज्ञ. आबेलेव आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या यकृतातल्या गाठींचे प्रतिजन शोधत होते. त्यांना एक प्रथिन सापडले. ते उंदराच्या गर्भात आणि नवजात पिलांत असते, मोठ्या उंदरात नाहीसे होते आणि यकृताचा कर्करोग झालेल्या उंदराच्या रक्तात पुन्हा प्रकटते. कर्करोगाची पेशी जणू आपले वय विसरून गर्भावस्थेतली भाषा बोलू लागते. लवकरच आस्त्राखान इथल्या युरी तातारिनोव यांनी हेच प्रथिन यकृताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या माणसाच्या रक्तात दाखवले. पुढे त्याला अल्फा-फीटोप्रोटीन, संक्षेपाने एएफपी, हे नाव रूढ झाले.

रक्ताचा एक थेंब पाहून शरीराच्या आतली गाठ ओळखता येईल ही कल्पना त्या काळात केवढी मोठी होती हे आज लक्षात येणार नाही. सोनोग्राफी बाल्यावस्थेत होती, सीटी स्कॅन यायला अजून बराच अवकाश होता. यकृताचा कर्करोग बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा शवविच्छेदनातच दिसे.

दुसरी रेषा अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दिसली. बारूख ब्लमबर्ग यांना कर्करोगाचा किंवा यकृताचा शोध घ्यायचाच नव्हता. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत वंशपरंपरेने काय फरक असतात हा त्यांचा विषय. ज्यांना वारंवार दुसऱ्यांचे रक्त दिले गेले आहे त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असणार, असा त्यांचा तर्क होता. म्हणून अशा रोग्यांचे सीरम जगभरातून जमवलेल्या सीरमच्या नमुन्यांसमोर ठेवून ते आणि हार्वी ऑल्टर रेषा उमटते का ते पाहत. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रोग्याचे सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचे सीरम यांच्यात रेषा उमटली. या प्रतिजनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडले.

हे काय आहे हे कुणालाच कळेना. ल्युकेमियाच्या रोग्यांत ते जास्त दिसले, म्हणून ती ल्युकेमियाची खूण असावी असे वाटले. ल्युकेमियाचा धोका जास्त असलेल्या डाउन सिंड्रोमच्या रुग्णांत पाहिले, तर संस्थांत दाटीवाटीने राहणाऱ्यांत ते पुष्कळ सापडले. तर्क जुळतो असे वाटत होते. मग १९६६ मध्ये एका रुग्णाच्या बाबतीत विचित्र गोष्ट घडली : पहिल्या तपासणीत प्रतिजन नव्हता, नंतर आला. वंशपरंपरेने आलेली गोष्ट अशी अधेमधे उगवत नाही. त्या रुग्णाला रुग्णालयात बोलावून पाहिले तर एसजीपीटी वाढलेली होती. दरम्यान त्याला यकृताचा दाह झाला होता. थोड्याच दिवसांनी ब्लमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ स्त्रीला अस्वस्थ वाटू लागले, तिने स्वतःचेच सीरम तपासले आणि रेषा उमटली. मागोमाग तिला कावीळ झाली. १९६८ पर्यंत टोकियोचे ओकोची आणि न्यूयॉर्कचे आल्फ्रेड प्रिन्स यांच्या कामातूनही तेच निघाले. ही रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या, आज आपण ज्याला हिपॅटायटिस बी म्हणतो त्याच्या, विषाणूची खूण होती. या कामासाठी ब्लमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले.

धारदार झालेली नजर

पुढच्या काळात या दोन खुणांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

एएफपीकडे आशेने पाहिले जात होते. जेलवरच्या रेषेला रक्तात बरेच एएफपी लागे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीने त्याच्या हजारो पट कमी प्रमाण मोजणे शक्य झाले. १९७१ मध्ये फिनलंडचे रुओस्लाहती आणि सेप्पाला यांनी त्या पद्धतीने पाहिले तेव्हा कळले की निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातही थोडे एएफपी असतेच. यकृताच्या दाहात ते वाढते, सिरॉसिसमध्ये वाढते, गरोदरपणात तर वाढतेच. (गर्भाच्या पाठीच्या कण्यातले व्यंग ओळखायला याच प्रथिनाचा उपयोग एडिंबरोच्या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवला.) उलट, यकृताच्या काही कर्करोगांत, विशेषतः गाठ लहान असताना, ते वाढतच नाही. नजर धारदार झाली आणि उत्तर पुसट झाले. आधी ‘आहे की नाही’ असा प्रश्न होता. आता ‘किती असले म्हणजे काळजी करायची’ असा झाला.

याचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. एएफपीसाठी २० नॅनोग्रॅम ही रेषा धरली तर साधारण ६० टक्के कर्करोग सापडतात आणि कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना खोटी धोक्याची सूचना मिळते. हे १० टक्के यकृताच्या जुन्या रोग्यांमधले. निरोगी माणसांत ते कमी भरतील, पण हिशेबासाठी तेच धरू. समजा १०,००० निरोगी माणसे तपासली आणि त्यांत खरोखर ५ जणांना हा कर्करोग आहे. चाचणी ३ जणांना पकडेल आणि सुमारे १,००० जणांची झोप उडवेल. हीच चाचणी सिरॉसिसच्या १,००० रोग्यांवर केली आणि त्यांत ३० जणांना कर्करोग असला, तर १८ सापडतील आणि खोट्या सूचना ९७. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे. चाचणीची किंमत ती कुणावर केली यावरून ठरते.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ छीतुंग नावाचा भाग आहे. यकृताच्या कर्करोगाचे तिथले प्रमाण जगात फार वरचे. तिथे १९७० च्या दशकापासून एएफपीने मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली. हिपॅटायटिस बीचे वाहक असलेल्या ५,५८१ पुरुषांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर सहा महिन्यांनी एएफपी पाहिल्याने कर्करोग लवकर सापडला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. रोग्याला आपला आजार आधी कळला, एवढाच फरक पडला. पुढच्याच वर्षी शांघायचा अभ्यास आला. त्यात १८,००० हून अधिक लोक होते आणि एएफपीच्या जोडीला सोनोग्राफी होती. तिथे मृत्यूंत ३७ टक्के घट दिसली. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर टीका झाली असली तरी, खुणेबरोबर डोळ्याने पाहणे आणि सापडल्यावर वेळेवर उपचार करणे जोडले तरच खुणेला अर्थ येतो, हे त्यातून ठसले. अमेरिकेच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या सुमाराला नियमित देखरेखीतून एएफपी वगळली आणि पुढे सोनोग्राफीच्या जोडीला तिला पुन्हा जागा दिली. एका चाचणीचे असे जाणे-येणे पाहिले म्हणजे तिच्याविषयीचा संभ्रम कळतो.

नव्या खुणा येतच आहेत. १९८४ मध्ये लीबमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यकृताच्या कर्करोगात प्रोथ्रोम्बिन हे रक्त गोठवणारे प्रथिन अर्धवट घडलेल्या रूपात बाहेर पडते. एएफपीचाच एक विशिष्ट प्रकार कर्करोगात जास्त आढळतो. लिंग, वय आणि या तीन खुणा एकत्र करणारे गणित बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी मांडले. ही प्रगती खरी आहे, पण या सगळ्यांचा प्रश्न तोच आहे : गाठ झाली आहे का?

दुसऱ्या रेषेची वाट

ऑस्ट्रेलिया अँटिजेनचा प्रश्न वेगळा होता : विषाणू आहे का? या प्रश्नाने काय साधले ते तैवानमध्ये दिसले. पामर बीस्ली या अमेरिकी वैद्याने तिथल्या २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासून ठेवले. त्यांपैकी ३,४५४ जणांच्या रक्तात हा प्रतिजन होता. मग ते थांबले आणि मोजत राहिले. १९८१ च्या त्यांच्या अहवालापर्यंत यकृताच्या कर्करोगाने ४१ जण दगावले होते. त्यांतले ४० प्रतिजनवाहकांपैकी होते, उरलेल्या १९,२५३ जणांपैकी फक्त एक. वाहकांमधला धोका २२३ पट. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेही यापुढे फिके वाटावे.

आता खूण हीच दिशा झाली. ब्लमबर्ग आणि अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्येच वाहकांच्या रक्तातला हा प्रतिजन वेगळा काढून लस करण्याची कल्पना मांडली होती. तिच्या वाटेने १९८१ मध्ये अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. वाहक आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होणारा संसर्ग सर्वांत घातक, कारण तान्हेपणी आलेला विषाणू बहुधा जन्मभर मुक्काम करतो. म्हणून तैवानने जुलै १९८४ पासून वाहक आईच्या बाळांना आणि दोन वर्षांनी सर्वच बाळांना लस सुरू केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधले यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१ ते ८६ या काळात लाखात ०.७० होते, १९९० ते ९४ मध्ये ते ०.३६ वर आले. लसीने कर्करोग टळतो याचा हा पहिला मोठा पुरावा. ती मुले वाचली ती एएफपी वेळेत पाहिली म्हणून नव्हे, तर तशी वेळच त्यांच्यावर आली नाही म्हणून.

रक्तपेढ्यांतही याच खुणेने पहारा बसला. पहारा नसला किंवा ढिला असला तर काय होते हे मुंबईकरांना परिचित असलेल्या एका उदाहरणावरून कळते. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना अनेकांचे रक्त द्यावे लागले, त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. मधली कित्येक वर्षे त्यांना याचा पत्ता नव्हता. यकृत किती मुके असते याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

रक्ताचे ‘नाही’ हे उत्तर

कारण सांगणाऱ्या खुणेची ताकद दाखवणारी एक हकीकत पुण्याशी जोडलेली आहे. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेचे पात्र सरकले होते आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले होते. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली साथ म्हणजे हिपॅटायटिस ए, असे तेव्हा सर्वांनी गृहीत धरले. ते तपासायला चाचणीच नव्हती.

हिपॅटायटिस ए आणि बीच्या रक्तचाचण्या हाताशी आल्यावर हा जुना प्रश्न पुन्हा उघडला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद आणि संस्थेच्या संचालक खुर्शीद पावरी यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर भारतातल्या साथींतले सीरम तपासले. दिल्लीच्या साथीतले साठवलेले नमुने त्यात होते, अहमदाबाद आणि पुण्याच्या साथींतलेही होते. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : या साथी हिपॅटायटिस एच्या नव्हत्या, बीच्याही नव्हत्या. त्याच वर्षी काश्मीरमधल्या साथीवरून मुहम्मद सुलतान खुरू यांनीही अशाच नव्या काविळीचे वर्णन केले. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ बलायान यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, आजार ओढवून घेऊन विषाणू दाखवला. त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, तो फार घातक ठरतो. ‘कावीळ’ या एका शब्दाखाली दडलेला हा आजार चोवीस वर्षांपूर्वीच्या रक्ताच्या ‘नाही’ या उत्तराने बाहेर काढला.

पुढे १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी सापडला. त्यावर आता बहुतेकांना पूर्ण बरे करणाऱ्या गोळ्या आहेत. कारण कळले, खूण मिळाली, मग उपचाराची वाट सापडली, हाच क्रम तिथेही दिसतो.

आपल्या हातातला कागद

आज शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती दिसतात. त्यांत लिव्हर प्रोफाइल असते. महागड्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून एएफपीही असते. निरोगी माणसाने एएफपी करून घेतली तर काय होते ते वरच्या अंकगणितात दिसले. एसजीपीटी सामान्य आली म्हणून रोज संध्याकाळची बाटली चालू ठेवणारे तर आपल्या अवतीभवती पुष्कळ असतात. त्यांनी धूर नाही एवढेच पाहिलेले असते.

याउलट कमी खर्चाच्या दोन गोष्टी मागे पडतात. पहिली, जुन्याच आकड्यांचे नवे वाचन. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून यकृत कितपत निबर झाले असावे याचा अंदाज देणारे ‘फिब-४’ हे सूत्र २००६ पासून उपलब्ध आहे. मधुमेह, लठ्ठपणा आणि चरबी साठलेले यकृत यांच्या काळात ते फार उपयोगी आहे. आकडे बहुतेकांच्या कपाटातल्या फाइलमध्ये आधीच असतात. डॉक्टरांना विचारले तर हिशेब दोन मिनिटांचा.

दुसरी, हिपॅटायटिस बीच्या प्रतिजनाची तपासणी. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वस्त भारतीय लस बाजारात आणली आणि २०११ पर्यंत ती देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी बहुतांशी लसीविना वाढली. त्या पिढीत कुणी वाहक आहे का, हे त्याचे त्यालाच माहीत नसते. यकृत काही सांगत नाही, कावीळ झालेली नसते, एसजीपीटीही सरळ असू शकते. आयुष्यात एकदा विचारलेला हा प्रश्न वाहकाला नियमित देखरेखीत आणतो. आणि एएफपीसारख्या खुणेला खरा अर्थ येतो तो अशा धोक्यातल्या माणसांच्या देखरेखीतच.

गरोदर बाईच्या पहिल्या रक्ततपासणीत हा प्रतिजन पाहिला जातो की नाही, आणि बाळाला लसीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळतो की नाही, हे घरच्या माणसांनी विचारायला हवे. जागतिक हिपॅटायटिस दिन २८ जुलैला, ब्लमबर्ग यांच्या जन्मदिवशी, पाळतात. त्या दिवशी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात हे दोन प्रश्न विचारून पाहावेत.